स्कॉट मॉन्युमेंट: २८७ पायऱ्या चढण्याआधी आणि चढताना

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी स्कॉटलंडमधल्या एडिंबराचं स्कॉट मॉन्युमेंट, म्हणजे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटचं स्मारक, अर्ध्या तासात उरकलं होतं. तिकीट काढलं, धापा टाकत वर गेलो, किल्ल्याचे चार फोटो काढले, खाली आलो आणि रस्त्यापलीकडे कॉफी घेऊन बसलो. काचेतून समोर बघताना लक्षात आलं, की ज्या वास्तूच्या पोटातून आपण आत्ता जाऊन आलो, ती आपण पाहिलेलीच नाही. वरून अख्खं एडिंबरा दिसतं, एवढं एक स्मारक सोडून.

दुसऱ्या वेळी सोबत आत्या होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती चढणार नव्हतीच. मी खाली आलो तोवर तिनं बाकावर बसून माझ्यापेक्षा जास्त स्मारक बघून ठेवलं होतं. हा लेख त्या दोन्ही फेऱ्यांवरून लिहिला आहे. चढायचं असेल तर कसं, आणि नसेल तरी तिथे काय बघायचं, हे दोन्ही सांगतो.

आधी थोडी ओळख

सर वॉल्टर स्कॉट १७७१ मध्ये एडिंबरामध्ये जन्मला, १८३२ मध्ये वारला. पेशानं वकील, आधी कवी म्हणून गाजला आणि मग १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' ही कादंबरी त्यानं नाव न घालता छापली. पुढच्या कादंबऱ्यांवरही लेखकाचं नाव नसायचं, 'वेव्हर्लीच्या लेखकाकडून' एवढंच असायचं. १८२७ मध्ये त्यानं जाहीरपणे कबूल केलं, तेव्हा बहुतेकांना ते आधीच ठाऊक होतं. इतिहासातला खरा काळ घ्यायचा, त्यात खरी आणि कल्पित माणसं एकत्र सोडायची, हा ऐतिहासिक कादंबरीचा साचा लोकप्रिय केला तो त्यानं. आपल्याकडे पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती गुंजीकरांची 'मोचनगड' पुस्तकरूपानं १८७१ मध्ये आली. ते स्कॉटच्या जन्मशताब्दीचं वर्ष. हा योगायोगच, पण मराठी वाचकाला या दगडी मनोऱ्याशी उभं राहताना अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

शेवटची वर्षं त्याची वाईट गेली. १८२६ मध्ये त्याचा छापखाना आणि प्रकाशक बुडाले, लाखभर पौंडांहून जास्त कर्ज अंगावर आलं आणि दिवाळखोरी जाहीर करण्याऐवजी तो मरेपर्यंत लिहून ते फेडत राहिला. एडिंबराच्या लोकांना त्याच्याबद्दल जे वाटतं, त्यात या हट्टाचा वाटा मोठा आहे.

स्मारकाची उंची २०० फूट ६ इंच, म्हणजे ६१ मीटरच्या थोडं वर. मुंबईकरांसाठी सांगतो: राजाबाई टॉवर २८० फूट आहे, शैली तीच, गॉथिक. (राजाबाईचा आराखडा काढणाराही स्कॉटच, पण तो वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. त्याचा यांच्याशी संबंध नाही.) राजाबाई आपल्याला चढायला मिळत नाही, हे मिळतं. लेखकाच्या नावानं उभारलेल्या स्मारकांत हवानातलं होजे मार्तीचं स्मारक याहून उंच आहे. बाकी सगळी याच्या खाली.

जाण्याआधी

ब्रिटनचा व्हिसा लागतो, शेंगेनवर चालत नाही, हे युरोपच्या फेरीत स्कॉटलंड जोडणाऱ्यांना दरवेळी सांगावं लागतं. शहराचं नाव आपण 'एडिनबर्ग' लिहितो, पण तिथे रस्ता विचारताना 'एडिंबरा' म्हणा, 'बर्ग' ऐकलं की समोरचा हसतो.

खाली पुतळ्यापाशी जायला पैसे पडत नाहीत, तिकीट चढायचं असेल तरच. स्मारक एडिंबराच्या नगरपालिकेच्या संग्रहालय खात्याकडे आहे. दर आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या आणि तिकीट तिथूनच काढा. आत जागा एवढीशी, की एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. ऑगस्टमध्ये शहरात मोठा नाट्य-कला महोत्सव असतो, तेव्हा ऐन वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका. त्याच संकेतस्थळावर आणखी एक गोष्ट बघायची: त्या दिवशी अगदी वरचा सज्जा उघडा आहे का. दुरुस्तीसाठी किंवा हवेमुळे कधी कधी खालच्या टप्प्यापर्यंतच नेतात आणि तिकीट काढल्यावर हे कळलं की चरफडण्याशिवाय हातात काही राहत नाही.

हवा ही इथली खरी अडचण. पाऊस पडत असताना चढता येतं, पण वारा जोराचा असेल तर स्मारक बंद ठेवतात. आणि एडिंबराचा वारा म्हणजे छत्री उलटी करणारा वारा, म्हणून छत्री नेऊच नका, टोपी असलेलं जाकीट न्या. दुसरी गोष्ट समुद्राकडून येणारं दाट धुकं. तिथे त्याला 'हार' म्हणतात, आणि तो आला की आपणही हार मानायची: वर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. अशा दिवशी तिकीट पुढे ढकलता आलं तर ढकला आणि संग्रहालयात जा.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात पावणेचारलाच अंधारतं. डिसेंबरात स्मारकाला लागूनच नाताळचा बाजार आणि मोठा पाळणा असतो. रोषणाई सुंदर दिसते, पण शांतपणे काही बघायचं असेल तर तो महिना सोडा. माझी शिफारस मे किंवा सप्टेंबरमधली सकाळ, उघडल्या उघडल्या.

पोचायचं कसं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेनं साधारण साडेचार तास. उतरायचं स्टेशन वेव्हर्ली, होय, त्याच कादंबरीच्या नावाचं. वेव्हर्ली स्टेप्स या जिन्यानं प्रिन्सेस स्ट्रीटवर या, डावीकडे वळा, पाच मिनिटांत समोर उभे. विमानतळावरून ट्रामनं येत असाल तर सेंट अँड्र्यू स्क्वेअरला उतरा.

स्टेशनच्या डोक्यावर बॅल्मोरल हॉटेलचं मोठं घड्याळ आहे. तिकिटाची वेळ त्यावर लावू नका. लोकांची गाडी चुकू नये म्हणून ते मुद्दाम ३ मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. वर्षातून एकाच रात्री, ३१ डिसेंबरला, ते बरोबर वेळ दाखवतं.

स्मारकात लिफ्ट नाही, स्वच्छतागृहही नाही. बागेतून पाच-सात मिनिटं पश्चिमेला चाललात की नॅशनल गॅलरी लागते, प्रवेश मोफत. आधी तिथे जाऊन या.

खाली निदान अर्धा तास काढा

हा भाग लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे.

आधी रस्ता ओलांडून पलीकडे, जेनर्सच्या जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावर उभे राहा. तिथून रचना कळते: चार जाड खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, कोपऱ्यांवर टेकू दिल्यासारखे चार छोटे मनोरे, आणि मधून वर निमुळता होत गेलेला मुख्य मनोरा. चार्ल्स डिकन्सला हे अजिबात आवडलं नव्हतं. चर्चचा कळस कापून जमिनीत रोवल्यासारखं दिसतं, असं त्यानं पत्रात लिहिलं. डिकन्सशी सहमत व्हायचं की नाही हे याच कोपऱ्यावरून ठरवा. मला विचाराल तर तो खोटं बोलत नव्हता, पण कापून रोवलेल्या कळसाखाली माणूस बसवला की त्याची छत्री होते, एवढं त्याच्या नजरेतून सुटलं.

आता जवळ जा. मधोमध पांढऱ्या संगमरवराचा स्कॉट बसलेला आहे, अंगाभोवती मेंढपाळाची शाल, हातात पुस्तक. जॉन स्टीलनं तो इटलीतून आणलेल्या सुमारे ३० टनांच्या एकाच कॅरारा शिळेतून कोरला. पायाशी कुत्रा आहे. त्याचं नाव मायडा, स्कॉटचा लाडका शिकारी कुत्रा. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधी त्याच्याकडे पाठवा. पुढची दहा मिनिटं तुम्हाला निवांत मिळतील.

लेखकाचा पुतळा उभा, हात पुढे करून भाषण देणारा नाही. लिहिता लिहिता मान वर करून थांबलेला आहे. त्याच्या उजव्या पायाकडे बघताना हेही आठवा, की दीड वर्षाचा असताना पोलिओ झाल्यानं तो त्या पायानं जन्मभर लंगडला. ज्याच्या नावानं आपण २८७ पायऱ्या चढतो, त्याला जिना म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तरी डोंगरात तो मैलोन्‌मैल चालायचा.

पुतळ्याच्या वर, कोनाड्याकोनाड्यात, त्याच्या कथा-कवितांतली पात्रं उभी आहेत. साठहून जास्त. तलवार उपसणारा राजपुत्र चार्ली, जिप्सी बाई मेग मेरिलीझ, तळ्यावरची एलन, म्हातारा शाहीर. राजाबाईवर जशा पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या मूर्ती आहेत, तशी इथे माणसं आहेत, फरक इतकाच की ही कागदावरून उतरलेली. यांतल्या काही अमेलिया हिल या शिल्पकर्तीनं घडवल्या. बागेत स्मारकाच्या शेजारीच डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा पुतळा आहे तोही तिचाच. सगळी पात्रं ओळखायला जाऊ नका, मान मोडेल. तीन-चार निवडा आणि चढताना वरून तीच पुन्हा शोधा. दुर्बीण असेल तर इथेच तिचा उपयोग, वर नव्हे.

आता दगड. आत्यानं बाकावरून मला विचारलं होतं, "अरे, याला ठिगळं लावलीत का?" मी दोनदा जाऊनही बघितलं नव्हतं. काळ्या भिंतीत मधेमधे फिकट, मधासारखे तुकडे बसवलेले दिसतात. गोष्ट अशी: हा वेस्ट लोदियनमधल्या बिनी खाणीचा वालुकाश्म. मूळचा फिकट रंगाचा, पण त्यात तेलाचा अंश असल्यामुळे धूर आणि काजळी त्याला धरून बसली. शेजारी रेल्वे, शहरभर कोळशाच्या चुली. एडिंबराला 'ऑल्ड रीकी', म्हणजे जुनी धुरकट नगरी, उगाच म्हणत नाहीत. १९९० च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली तेव्हा सगळं घासून स्वच्छ करायचा विचार झाला, पण त्यानं दगडच खराब होईल असं दिसल्यावर काजळी तशीच ठेवली. पडलेले भाग तेवढे बदलले आणि त्यासाठी बंद पडलेली बिनीचीच खाण पुन्हा उघडली. ते नवे दगड म्हणजे आत्याची ठिगळं. १८४६ मध्ये अख्खं स्मारक त्या रंगाचं होतं. एक ठिगळ निवडा आणि मनातल्या मनात तो रंग वरपर्यंत चढवून बघा.

हे बांधलं कुणी, ते इथेच सांगून टाकतो, कारण चढताना श्वास उरत नाही.

जॉर्ज मेकल केम्प हा मेंढपाळाचा मुलगा. शिकला सुतारकाम. वास्तुशास्त्राची पदवी नाही, मोठ्या घरची ओळख नाही. पायी भटकत जुनी चर्च बघायची, त्यांची मापं घ्यायची आणि चित्रं काढायची, हे त्याचं शिक्षण. मेलरोजचं पडकं मठ-मंदिर त्यानं असं पाठ केलं होतं. १८३६ मध्ये स्मारकासाठी स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा स्वतःच्या नावाला कोण विचारणार हे ओळखून त्यानं 'जॉन मॉर्व्हो' या नावानं आराखडा पाठवला. हे नाव मेलरोजशी जोडलेल्या मध्ययुगीन गवंड्याचं. पहिल्या फेरीत तिसरा आला. समितीचं कुणावरच समाधान झालं नाही, पुन्हा आराखडे मागवले, आणि १८३८ मध्ये काम या सुताराला मिळालं. नाव कळल्यावर कुजबुज झालीच: हा कोण? तरी काम त्याच्याकडेच राहिलं.

पायाभरणी १५ ऑगस्ट १८४० ला झाली. उद्घाटन १५ ऑगस्ट १८४६ ला. स्कॉटचा वाढदिवस १५ ऑगस्ट, म्हणून. आपल्याला ही तारीख लक्षात ठेवायला कष्ट नाहीत. खर्च आला १६,१५४ पौंडांच्या थोडा वर. उद्घाटनाला केम्प मात्र नव्हता. ६ मार्च १८४४ च्या संध्याकाळी कामावरून घरी जाताना दाट धुक्यात तो युनियन कालव्यात पडला आणि बुडून मेला. वय ४८.

चढण

२८७ पायऱ्या हा आकडा ऐकून सिंहगडवाले हसतात. रायगडाच्या पायऱ्यांपुढे हे काय, असं मीही म्हणालो होतो. दम हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न रुंदीचा आहे. जिना गोल फिरत जाणारा, दगडी, आणि जसजसे वर जाल तसतसा आवळत जाणारा. देवगिरीच्या अंधारीत खांदे चोरून चालला असाल तर अंदाज येईल, फक्त इथे ती अंधारी उभी केली आहे असं समजा.

काही गोष्टी खालीच उरकून घ्या. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. मोठी बॅग असेल तर आणूच नका, स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे. कॅमेरा गळ्यात नको, भिंतीवर आपटतो. जाकिटाच्या आत. पाणी खालीच प्या. साडी नेसून चढणं अशक्य नाही, पण गोल जिन्यात पदर आणि निऱ्या दोन्ही हातांनी धराव्या लागतात आणि इथे दोन्ही हात भिंतीसाठी मोकळे हवेत. सलवार किंवा पँट बरी. बूट रबरी तळाचे. पाऊस झाला असेल तर झिजलेल्या पायऱ्यांच्या मधल्या खोलगट भागात पाणी साठतं आणि तिथेच पाय पडतो.

पायऱ्या त्रिकोणी असतात, मधल्या खांबाकडे निमुळत्या, भिंतीकडे रुंद. पाय कायम भिंतीकडच्या बाजूला ठेवा आणि पुढच्या माणसाला चार-पाच पायऱ्यांचं अंतर द्या. वेग लावू नका. सरळ जिन्यात दम लागतो, गोल जिन्यात भोवळ येते. भोवळ आली तर खाली बघायचं नाही, हात भिंतीला टेकवून समोरच्या दगडाकडे बघायचं.

पहिला थांबा आतल्या खोलीचा. तिथे रंगीत काचांच्या खिडक्या आहेत आणि स्कॉटची व स्मारकाची माहिती लावलेली आहे. लोक इथे दोन मिनिटं थांबून निघतात. तुम्ही दहा थांबा, श्वासही खाली बसतो. इथून बाहेर पडलं की चारी बाजूंनी फिरता येतं आणि खाली मान मोडून बघितलेल्या मूर्ती आता समोर येतात. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी इथवर यावं आणि खुशाल परत जावं. दृश्याचा मोठा वाटा इथेच पदरात पडतो.

पुढचे टप्पे भराभर येतात आणि प्रत्येक वेळी जिना आणखी अरुंद होतो. शेवटचं वळण तर असं आहे, की अंगापिंडानं मजबूत माणसाला तिरकं व्हावं लागतं. माझ्या पहिल्या फेरीत तिथे वरून उतरणारे एक धिप्पाड आजोबा समोर आले. त्यांनी मागे जायचं की मी, हे आम्ही दोघं अतिशय नम्रपणे बराच वेळ ठरवत होतो. शेवटी मी उलट पावलांनी आठ पायऱ्या उतरलो, एका हातानं भिंत चाचपत. ती आठ पावलं मला आजही आठवतात, वरचं दृश्य तितकंसं नाही. त्यातून शिकलेला नियम: सज्ज्यावरून पुढे निघताना आधी हाक मारा, आतून उत्तर आलं तर थांबा. जिन्यात समोरासमोर गाठ पडली तर ज्याच्या मागे सज्जा जवळ, त्यानं मागं सरायचं. सोबत तिथला माणूस असेल तर तो सांगेल तसं.

कुणी चढू नये? बंदिस्त जागेत घाबरणाऱ्यांनी नाहीच, कारण मधे अडकल्यावर बाजूला व्हायला जागा नाही. गुडघे आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनीही नको. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. कडेवरच्या मुलाला घेऊन जाऊ नका. शाळकरी मुलं मात्र आपल्यापेक्षा मजेत चढतात, त्यांना आपल्या पुढे ठेवा, मागे नको.

वरून काय बघायचं

दक्षिणेपासून सुरुवात करा. खाली वेव्हर्ली स्टेशनचं काचेचं छप्पर, त्यावर चढत गेलेलं जुनं शहर, उंच घरांची एकाला एक चिकटलेली रांग, आणि मधून सेंट जाइल्सचा मुकुटासारखा कळस. स्टेशन आणि बाग जिथे आहे ती खोलगट जागा पूर्वी तळं होती, नॉर लॉक. ते उपसून कोरडं केलं. वरून ती खोलगी लगेच कळते. आग्नेयेला आर्थर्स सीट, २५१ मीटर उंचीचा मेलेला ज्वालामुखी. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबात टेकडी, पण शहराच्या मधोमध.

पश्चिमेला किल्ला. दुपारी एकच्या सुमारास वर असाल तर दचकू नका: रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते. ही प्रथा १८६१ पासूनची, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झालेली.

उत्तरेला नवं शहर, नवं म्हणजे १७६७ च्या आराखड्याचं, फूटपट्टीनं आखलेल्या सरळ रस्त्यांचं, आणि त्यापलीकडे फर्थ ऑफ फोर्थची खाडी. पूर्वेला कॅल्टन हिल. तिथे पार्थेनॉनसारखे खांब दिसतात, ते नॅशनल मॉन्युमेंट. पैसे संपले म्हणून अर्धवट राहिलं. स्कॉटसाठी लोकांनी वर्गणी काढून २०० फूट पूर्ण केले आणि राष्ट्राच्या स्मारकाचे बाराच खांब झाले, हे दोन्ही एकाच जागेवरून दिसतं याची मला गंमत वाटते.

लांबचं बघून झालं की जवळचं बघा: हाताच्या अंतरावरचे दगडी टोकदार कळस, पानाफुलांची नक्षी, तोंड वासलेले प्राणी. ही नक्षी खालून कुणालाच दिसत नाही, तरी कोरणाऱ्यांनी ती निम्म्यात सोडलेली नाही. फोटो काढायचाच तर याचा काढा. किल्ल्याचा फोटो खालूनही मिळतो.

उतरल्यावर

पाय थरथरतील, बाकावर बसा. खायचं काही काढलंत तर वर लक्ष ठेवा: इथले सीगल पक्षी हातातला घास नेतात, आमची अख्खी दशमी गेली आहे. बागेत पश्चिमेकडे चालताना प्रोफेसर जॉन विल्सन यांचा पुतळा लागतो. हे विल्सन कॉलेजवाले आपले रेव्हरंड विल्सन नव्हेत, तेही स्कॉटिशच, पण हा त्याच नावाचा दुसरा, लेखक. आत्यानं नमस्कार केल्यावर मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "असू दे, लेखक आहे ना."

खिशात बँक ऑफ स्कॉटलंडची नोट आली असेल तर काढून बघा, तिच्यावर स्कॉट आहे. १८२६ मध्ये लंडनचं सरकार स्कॉटिश बँकांच्या एक पौंडाच्या नोटा बंद करायला निघालं होतं. त्यानं टोपणनावानं पत्रं लिहून असा धुरळा उडवला, की सरकारला तो बेत सोडावा लागला. या नोटा स्कॉटलंडमध्येच संपवा. लंडनचे दुकानदार त्या उलटसुलट करून बघत बसतात आणि घरी आणल्यात तर बदलून मिळायला त्रास होतो.

आणखी तास असेल तर चढण चढून जुन्या शहरात लेडी स्टेअर्स क्लोजमध्ये लेखकांचं संग्रहालय बघा: बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन, प्रवेश मोफत. तिथेही जिने अरुंद आहेत, पण २८७ नंतर काही वाटत नाही.

आम्ही मात्र त्या दिवशी बागेच्या दुसऱ्या टोकाला गेलो. किल्ल्याच्या कड्याखालून पश्चिमेला सावकाश पंधरा-वीस मिनिटं चाललं की सेंट कथबर्ट्सचं चर्च आणि त्याची दफनभूमी लागते. केम्प तिथे पुरलेला आहे. आत्या थोडा वेळ दगडांमधून फिरली, मग म्हणाली, "म्हणजे हा शेवटपर्यंत चढलाच नाही का रे वर?"

नाही चढला. कळसाचा शेवटचा दगड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बसला. तो त्याच्या मुलानं बसवला.